भिंतीवरचा प्लमेट

सुलतानपुरात एक वेळ बस चुकते, पण शब्द चुकत नाही. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याला भगवंतराव सरांचं घर लागतं आणि घराच्या कुंपणभिंतीवर रंगवलेला काळा फळा. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून सर निवृत्त झाले. त्यांचं इंग्रजी झालं नाही. रोज सकाळी सातला ते बनियनवर बाहेर येतात, फळा पुसतात, वर एक इंग्रजी शब्द लिहितात, खाली अर्थ आणि त्याखाली वाक्यात उपयोग. बसची वाट पाहणाऱ्यांना दुसरं वाचायला काही नसतं, त्यामुळे गावाचं इंग्रजी बऱ्यापैकी आहे. फक्त ते एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे तुटक तुटक आहे.

जुनी भिंत मातीची आणि आखूड होती. मोठा शब्द आला की शेवटची दोन अक्षरं शेजारच्या गोठ्यावर जात आणि म्हशीच्या अंगावर अर्थ लिहिण्याची वेळ येई. म्हणून सरांनी यंदा पक्क्या विटांची, सात फूट उंच नवी भिंत घालायची ठरवली आणि काम अब्दुल गनी मिस्त्रींना दिलं.

अब्दुल गनी चौसष्ट वर्षांचे. दाढी पांढरी, हात सिमेंटच्या रंगाचे. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. काम संपल्यावर मिस्त्रीनं मालकाच्या देखत भिंतीला ओळंबा लावून दाखवायचा. ज्यांची घरं बिल्डरनं बांधली, त्यांना ओळंबा म्हणजे काय ते सांगावं लागेल. एक पितळी गोळा, एक दोरी, आणि दोरीच्या वरच्या बाजूला गोळ्याच्याच जाडीचा एक लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीच्या माथ्याशी टेकवून धरायचा, गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला नुसता शिवला तर भिंत सरळ. दाबून बसला किंवा अंतर राखून लटकला, तर भिंत खोटी. मग त्या मिस्त्रीनं ती स्वतःच्या हातानं, एकही वीट न फोडता उतरवायची आणि पुन्हा घालायची. एकेचाळीस वर्षांत अब्दुल गनींवर ही पाळी आली नव्हती.

त्या दिवशी ते शिडीवर चढले, ठोकळा लावला, गोळा सोडला. गोळा भिंतीला शिवला. शेजारणीनं उंबऱ्याला पाय लावावा तसा, अगदी अदबीनं.

"पाहा सर," ते म्हणाले.

सर पाहत होतेच, पण ओळंब्याकडे नाही. ते ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. एक डोळा मिटून त्यांनी ओसरीच्या खांबाची कड आणि भिंतीची कड एका रेषेत आणली होती. खाली दोन्ही कडा चिकटल्या होत्या. वर त्यांच्यामध्ये बोटभर आभाळ दिसत होतं.

"मिस्त्री, भिंत झुकली आहे."

अब्दुल गनींनी मान वळवली नाही. "भिंत नाई सर. तुमचा खांब झुकेल हाये."

"खांब अकरा वर्षं उभा आहे."

"उभा तं बगळाबी राह्यते. एका पायावर."

आता यात एक गोष्ट होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. हा खांब अकीलनं बांधला होता. अकील म्हणजे अब्दुल गनींचा सख्खा धाकटा भाऊ, तोही मिस्त्री. एकोणीस वर्षांपासून दोघांत बोलणं नव्हतं. अब्दुल गनींनी खांबाला वाकडं म्हटलं तेव्हा ते खांबाविषयी बोलत नव्हते, हे खांबालाही कळलं असतं.

"या भिंतीवर मी शब्द लिहिणार आहे," सर म्हणाले. "वाकड्या भिंतीवर शुद्ध इंग्रजी कसं लिहिणार?"

अब्दुल गनी शिडीवरून उतरले. कमरेची थापी काढून त्यांनी सरांपुढे धरली. ज्या थापीनं गिलावा करायचा ती, मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली.

"सुताभर जरी बाहेर निघाली ना सर, तं मी सोता उतरवतो. आन् ही थापी तुमच्या आडात टाकतो. मंग मले कोनी मिस्त्री म्हनू नये."

आड अंगणातच होता. सरांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई तिथंच पोहरा धुवत होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, बोलून राह्यले ते जपून बोला. आड लय खोल हाये."

"माही जबान बी खोलच हाये, वैनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या भिंतीवर, नव्या काळ्या रंगावर पहिला शब्द उमटला. सरांचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं.

'प्लमेट. क्रियापद. अर्थ : धाडकन, वेगाने खाली पडणे. वाक्यात उपयोग : अब्दुल गनी यांची भिंत लवकरच प्लमेट होईल.'

भिंतीनं ते वाक्य अंगावर घेतलं आणि गप्प उभी राहिली. तिच्या जागी मी असतो तर त्याच क्षणी पडलो असतो.

शब्द गावाला आवडला. काही शब्द असे असतात की ते येण्याआधी गावाचं अडलेलं असतं. मेहकरच्या बाजारात सोयाबीन प्लमेट झालं. मोबाइलची रेंज उतारावर आली की प्लमेट होऊ लागली. हॉटेलातल्या भज्याचा आकार तर दोन वर्षांपासूनच प्लमेट होता, फक्त लोकांकडे शब्द नव्हता. कारभारी नावाचे एक गृहस्थ दर शनिवारी पिऊन नालीत पडत. त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "आज बी प्लमेट हायेत ते. उद्या या."

इथवर ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी कुणीतरी अब्दुल गनींना हाक मारली, "ओ प्लमेट मिस्त्री!" आणि चौथ्या दिवशी उंद्रीहून फोन आला. तिथल्या एका घराचं काम त्यांनी धरलं होतं. घरमालक फार गोड बोलला. "मिस्त्री, तुमच्या भिंतीचं आयकलं. आमचं काम जरा राहू द्या. घाई नाई."

अब्दुल गनींनी फोन खाली ठेवला. घाई नाही म्हणजे काय, हे चौसष्टाव्या वर्षी माणसाला समजतं.

त्यांची मुलगी झेबा हे सगळं पाहत होती. ती मेहकरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. इंग्रजी तिला भगवंतराव सरांनीच शिकवलेलं. पाचव्या दिवशी ती बसला निघाली, फळ्यापाशी थांबली, पर्समधून खडू काढला आणि सरांच्या वाक्याखाली, अगदी जमिनीलगत, बसून लिहिलं :

'चूक. भिंत प्लमेट होत नाही. उंचावरून सुटलेली वस्तू सरळ खाली जाते, ती प्लमेट होते. उदाहरणार्थ घार, दगड, भाव. भिंत झुकते, खचते, कोसळते.'

सर फाटकातून बाहेर आले तेव्हा ती खडूचे हात झटकत होती.

"झेबा, हे काय?"

"वाक्यात उपयोग, सर."

"मला वाक्यात उपयोग शिकवतेस?"

"तुम्हीच म्हणायचे सर, चूक दिसली की खाली रेघ मारा, वर माणूस कोण आहे ते पाहू नका."

"शब्दकोशात आहे तो अर्थ. फॉल. पडणे!"

"शब्दकोशात अजून एक अर्थ आहे सर, त्याच्याही आधीचा. दोरीला बांधलेलं वजन. म्हणजे आमच्या अब्बांच्या हातात असते ते. हा शब्द पडायला नंतर लागला, आधी तो सरळ लटकून राह्यचा." बसचा हॉर्न वाजला. "येते, सर."

सरांनी तिची दुरुस्ती पुन्हा वाचली. चौतीस वर्षांत त्यांच्या वाक्याला कुणी हात लावला नव्हता. हेडमास्तरांनी लावला असता, पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सर घरात गेले, शब्दकोश उघडला आणि बराच वेळ बंद केला नाही. त्या दिवशी ते जेवताना अन्नपूर्णाबाईंना म्हणाले, "पोरगी उद्धट आहे."

"म्हनजे बरोबर होतं तिचं," बाई म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

माणूस भाषेत हरला की पुराव्याकडे वळतो. सरांनी अकीलला बोलावणं धाडलं. निरोप असा : 'तुमचे बंधू तुमच्या खांबाला वाकडा म्हणतात. शुक्रवारी सकाळी दहाला येऊन काय ते सिद्ध करावं.' तोच निरोप थोडा उलटा करून अब्दुल गनींनाही गेला.

शुक्रवारी दहाला अंगण भरलं. बस येऊन गेली, पण कुणी चढलं नाही.

हे भाऊ घरी उर्दू बोलत, पण भांडण मात्र वऱ्हाडीतून करत. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांना समजलं पाहिजे. शिवाय ते एकमेकांशी थेट बोलत नसत. मधल्या कुणालातरी सांगत. आज मधला कुणीतरी म्हणजे भगवंतराव सर.

अकील अठ्ठावन्नचा, अंगानं बारीक, जिभेनं त्याहून. "सर, त्या मिस्त्री साहेबांले इचारा, माह्या खांबाले काय झालं म्हने?" एकोणीस वर्षं तो भावाला 'मिस्त्री साहेब' म्हणे. या दोन शब्दांत इतकं विष मावतं हे गावाला आधी माहीत नव्हतं.

"सर, त्याले सांगा," अब्दुल गनी म्हणाले, "खांबाले काई नाई झालं. बांधणाराच तसा निंगाला."

"सर, त्यांयले म्हना, ओळंबा लावून पाहू. तोंडानं तं कुत्रंबी भिंत बांधते."

"सर, त्याले म्हना, कुत्र्याचं पाहून शिकला असन."

सर म्हणाले, "मी हे सगळं सांगायचं आहे का?"

"नाई, आयकलं आमी," दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणाले म्हणून दोघांनाही राग आला.

सरांनी आधी मोबाइल काढला. त्यात भिंत मोजायचं काहीतरी होतं. मोबाइलनं भिंत सरळ सांगितली, खांब सरळ सांगितला आणि हातात धरला तेव्हा सरांनाही सरळ सांगितलं. लोक हसले. मोबाइल खिशात गेला.

मग अब्दुल गनींनी आपला ओळंबा भिंतीला लावला. गोळा शिवला. भिंत सरळ. तोच ओळंबा खांबाला लावला. गोळा खांबावर दाबून बसला. खांब खोटा.

अकीलनं आपला ओळंबा काढला. खांबाला लावला. गोळा शिवला. खांब सरळ. भिंतीला लावला. गोळा भिंतीपासून चांगला दोन सूत, म्हणजे पाव इंच दूर, झोपाळ्यावरच्या पाहुण्यासारखा डुलत राहिला. भिंत खोटी.

दोन मिस्त्री, दोन ओळंबे, दोन निकाल. कुणीतरी मागून म्हणालं, "आता ओळंब्याले ओळंबा लावा."

हसणाऱ्यांत अब्दुल गनी नव्हते. आपला गोळा मुठीत घट्ट धरून ते भिंतीकडे पाहत होते. उंद्रीचं काम गेलं होतं, नाव चाललं होतं, आणि आता ज्या गोळ्यावर एकेचाळीस वर्षं विश्वास टाकला त्याच्याविषयी भर अंगणात प्रश्न निघाला होता. तोही धाकट्या भावाच्या देखत.

या दोन ओळंब्यांची गोष्ट गावाला अर्धवट माहीत होती; ती पुरी सांगतो. यांचे वालिद, म्हणजे वडील, मोठे मिस्त्री. ते गेले, चाळिसावा दिवस झाला आणि वाटणी सुरू झाली. वाटणी इतक्या प्रेमानं झाली की बारा पायऱ्यांची शिडी सहा-सहा पायऱ्यांची करून घेण्यात आली. त्यामुळे दोघांच्याही शिड्या कुठंच पोचत नसत. शेवटी वालिदांचा ओळंबा उरला. तो कोणी सोडेना. तेव्हा अकीलनं चाकू काढला आणि दोरी मधोमध कापली. गोळा अब्दुल गनींच्या हातात राहिला, ठोकळा अकीलच्या. त्यानंतर मोठ्यानं सागवानाचा नवा ठोकळा करून घेतला आणि धाकट्यानं मेहकरातून पितळेचा नवा गोळा आणला. दोघांचा धंदा चालू राहिला. फक्त दोन्ही ओळंबे अर्धे बापाचे होते आणि अर्धे स्वतःचे.

"मंग असं करा ना बाप्पा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या आडाच्या कठड्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. "तुमच्या बापाचा होता तो एक करा. त्यानं काय निंगन ते खरं."

दोघा भावांनी बाईंकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी दोघांची किडनी मागितली असावी.

"सर," अब्दुल गनी म्हणाले, "त्याले सांगा, ठोकळा दे."

"सर, त्यांयले सांगा, गोळा द्या."

"गोळा मी देनार नाई."

"आन् ठोकळा मी सोडनार नाई."

शेवटी झेबा उठली. आज ती क्लासला गेली नव्हती. "कोनीच काई देऊ नका," ती म्हणाली. "अब्बा, तुम्ही गोळा धरा. चाचा, तुम्ही ठोकळा धरा. दोरी मी बांधते."

आणि तसंच झालं. अकील सरांच्या शिडीवर वर गेला आणि ठोकळा भिंतीच्या माथ्याशी धरला. अब्दुल गनी खाली गोळा तळहातावर घेऊन उभे राहिले. झेबानं दोरी बांधली. एकोणीस वर्षांनी दोघांच्यामध्ये एक दोरी आली, आणि दोघांनी ती असा चेहरा करून धरली की जणू दुसऱ्या टोकाला साप आहे.

"त्यांयले म्हना, सोडा."

"सोडला म्हना त्याले."

गोळा खाली आला, हलला, थांबला.

भिंत आणि गोळा यांच्यामध्ये एक सूत अंतर होतं. दोन नाही, एक. पण एक होतं.

अब्दुल गनी वाकले. चष्मा सारला. पुन्हा वाकले. अकील शिडीवरून हसला. एकोणीस वर्षांचं हसू होतं, बाहेर यायला वेळ लागला. "सर, त्या मिस्त्री साहेबांले सांगा, आड तिकडं हाये."

"खांब," अब्दुल गनी खालच्या आवाजात म्हणाले. "खांबाले लाव."

हे त्यांनी सरांना सांगितलं नाही. थेट म्हणाले. अकीलचं हसू थांबलं.

खांबाला लावलं. गोळा खांबावर दाबून बसला. एक सूत. उलट्या बाजूला.

म्हणजे भिंत एका बाजूला एक सूत झुकली होती आणि खांब उलट्या बाजूला एक सूत. ओसरीत बसून एक डोळा मिटणाऱ्या सरांना दोन्हींची बेरीज दिसली होती, इतकंच.

झेबानं ओट्यावर चारही वस्तू मांडल्या. वालिदांचा गोळा, वालिदांचा ठोकळा, अब्बांचा ठोकळा, चाचांचा गोळा. मग पट्टी लावली. वालिदांचा गोळा आणि ठोकळा दोन्ही दीड इंचाला दोन सूत जास्त, एकमेकांना अचूक. नवा ठोकळा दीड इंच, नवा गोळा दीड इंच. तेही एकमेकांना अचूक.

"चाचा, नवा गोळा घेताना ठोकळा लावून नाई पाह्यला?"

"लावाचं काय काम? अब्बा म्हनत होते ना, ठोकळा दीड इंची, गोळा दीड इंची."

तिनं अब्दुल गनींकडे पाहिलं. ते म्हणाले, "जिंदगीभर तेच सांगत होते. दीड इंच."

दोघांच्याही हातात बापाची वस्तू होती. दोघांनीही ती मोजली नाही. बापाचा शब्द घेतला. म्हाताऱ्यानं कधीतरी, गोळा पायाडावरून पडून ठेचला तेव्हा, त्याच्यावर पितळेचा जाड पत्रा चढवून घेतला असणार, आणि मग त्याच्या मापानं ठोकळाही जाड करून घेतला असणार. मुलांना सांगायचं राहून गेलं. एकटा ठोकळा खोटा नव्हता, एकटा गोळा खोटा नव्हता. ते ज्यांच्या हातात गेले तिथं मोजायची पद्धत नव्हती, फक्त खात्री होती.

"चला," सर म्हणाले, "झालं. दोघांचंही थोडं थोडं चुकलं. एक सूत म्हणजे काय, केसाएवढं. भिंत राहू द्या. खांबही राहू द्या."

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, कारण अब्दुल गनी भिंतीकडे आणि अकील खांबाकडे निघाला होता.

"अकील मिस्त्री! अहो, तिथं काय करताय?"

"उतरवतो."

"खांब? माझी ओसरी आहे त्यावर!"

"ओसरीले बल्ली लावून देतो सर."

"अहो, अकरा वर्षं उभा आहे तो!"

"सर," शिडी लावता लावता अब्दुल गनी म्हणाले, "हे तुमच्या इंग्रजीसारखं नाई. आमच्या कायद्याले अपवाद नसते."

या एका बाबतीत भाऊ एकमेकांशी सहमत होते, आणि ते त्यांना फार जड जात होतं.

भिंत दोन दिवस उतरत होती. वरून एकेक वीट, मसाला खरवडून, खाली थप्पीला. एकही फुटली नाही. सरांचा फळा वरून कमी होत गेला. आधी शब्द गेला, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग. शेवटी वीतभर भिंत राहिली, तिच्यावर झेबाची दुरुस्ती : 'भिंत प्लमेट होत नाही.' खरोखरच झाली नव्हती. खांबाच्या जागी दोन बल्ल्या उभ्या होत्या आणि ओसरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासारखी जपून उभी होती.

मग अब्दुल गनी आडापाशी गेले. थापी काढली. मूठ एकदा बोटांत बसवून पाहिली.

"अब्बा," झेबा म्हणाली, "रागात म्हटलं होतं तुम्ही."

"म्हटलं होतं ना पन?"

"फेका ना मंग," अकील मागून म्हणाला. "का मुहूर्त पाह्यता?"

अब्दुल गनींनी हात उघडला. थापी मधेच कुठं न आपटता सरळ खाली गेली. आवाज यायला इतका वेळ लागला की लोकांना वाटलं, येतच नाही. मग आला. झेबानं सरांकडे पाहिलं, सरांनी झेबाकडे. दोघांच्याही मनात एकच क्रियापद आलं होतं, आणि दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही. चौतीस वर्षांतला हा सरांचा पहिला गाळलेला शब्द.

अकीलनं आडात वाकून पाहिलं. त्यानं असा काही शब्द दिला नव्हता, पण भावापेक्षा खोटं ठरणं त्याला परवडणार नव्हतं. शिव्या देत तो पुढं आला आणि त्यानं आपलीही थापी टाकली. "घ्या! झालं समाधान?" हे तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"आता माझी भिंत?" सर म्हणाले. "खांब?"

"मिस्त्री पाहा," अब्दुल गनी म्हणाले. "आमी आता मिस्त्री नाई."

सरांनी मेहकरचे दोन मिस्त्री आणले. त्यांनी विटांच्या थप्प्या पाहिल्या, गोष्ट ऐकली आणि चहा न पिता परत गेले. ज्यानं उतरवली त्यानंच घालायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्यांच्याकडेही अपवाद नव्हते. तेव्हा सरांनी गळ आणला आणि तीन दिवस आडात वाकून बसले. पहिल्या दिवशी एक पोहरा निघाला. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाईंचा लग्नातला लोटा निघाला आणि बावीस वर्षांपूर्वी मोलकरणीवर घेतलेला आळ मिटला. तिसऱ्या दिवशी दोन्ही थाप्या आल्या, एकीच्या मुठीत दुसरी अडकलेली. सरांनी त्या धुतल्या, पुसल्या आणि स्वतः दोन्ही घरी नेऊन दिल्या.

"टाकायचा शब्द होता," ते म्हणाले. "काढू नये असा नव्हता. वाक्य नीट तपासून पाहिलंय मी."

सोमवारी दोघं कामावर आले. वालिदांच्या ओळंब्याशिवाय काम होणार नव्हतं आणि आपला अर्धा कुणी सोडणार नव्हतं. म्हणून ठरलं की एक भिंत आणि एक खांब, दोन्ही ठिकाणी दोघं. अकील वर ठोकळा धरून, अब्दुल गनी खाली गोळा धरून. सर जरा लांब खुर्ची टाकून बसले, बल्लीखाली नाही.

भिंत कमरेपर्यंत आली. अकील पाटावर चढला, ठोकळा टेकवला. आता खालच्याला सांगायचं होतं. सर लांब, झेबा क्लासला, अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात. मधलं कुणी नव्हतं.

"ओ मिस्त्री सा—" त्यानं हाक मारली आणि अडखळला. मिस्त्री म्हणू नये असं ज्यानं सांगितलं होतं, तो खाली उभा होता. थापी वर आली होती, नाव अजून आडातच होतं. नुसत्या नावानं थोरल्या भावाला हाक मारतात असं त्याच्या घरात कुणी त्याला शिकवलं नव्हतं, आणि एवढ्या दुष्मनीतही त्याला ते जमेना. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. दुसरा शब्द शिल्लक नव्हता.

"भाईजान," तो दात खाऊन म्हणाला. एखाद्याच्या कानशिलात मारावी तसा. "गोळा सोडता का झोपले?"

अब्दुल गनींनी वर पाहिलं नाही. गोळ्यावरची धूळ त्यांनी कुर्त्याला पुसली. एकदा पुरली असती, दोनदा पुसली.

"सोडला बे," ते म्हणाले. "डोळे उघडे ठेव."

गोळा सरळ खाली गेला, हलला, आणि दोघंही तो थांबायची वाट पाहत उभे राहिले.